मारुतीपुढचा गोटा

३० मे १९५९
मी बारा वर्षांची असताना वडील म्हणाले होते, "ही पोरगी मारुतीपुढचा गोटा उचलील." पाहुण्यांसमोर म्हणाले होते, म्हणजे खरंच असणार.

आठवायचं कारण नीला. पोरगी सातवीची फायनल पास झाली. हायस्कूल उमरग्याला, माझी बहीण शिवकांता तिथंच राहते. नीलाच्या वडिलांना विचारलं. हे म्हणाले, "चिठ्ठी वाचता येती, बास झालं." मला काही वाटलं नाही. वरण वाढलं.

३१ मे
मार्ग सापडला. ज्येष्ठी पुनवेच्या कारहुणवीला बैल मिरवून झाले की गडी मारुतीपुढं गोटा उचलतात. ज्याच्या उचललेल्या गोट्याखालून रुमाल ओढता आला, त्याचा एक शब्द पंच राखतात. गेल्या साली लिंबाजीनं तालमीवर पत्रे मागितले. मिळाले. हेही पंचांत आहेत. बायकांनी उचलू नये असं कुणी म्हटल्याचं ऐकलं नाही.
उद्यापासून प्रॅक्टिस.

१ जून
सोमवार. उपास. उद्यापासून.

३ जून, दुपारी
सासूबाई निजल्यावर कोठीत गेले. खडेमिठाचं पोतं आहे, लोणच्यासाठी आणलेलं. नजरेनं गोट्याएवढंच भरतं. वाकले, पोत्याचे कान धरले, ओढलं. हललं नाही. आज नुसती ओळख करून घ्यायची होती.

९ जून
मृग लागलं. हवा ओली. पोतं एका बाजूनं उठलं! रोज मूठभर शेंगदाणे आणि गूळ खाते, त्याचा गुण. सासूबाई म्हणाल्या, "शेंगदाण्याला उंदीर लागला का घूस?" मी म्हटलं, घूस असंल.

१३ जून
पोतं पूर्ण उठलं. गुडघ्यापर्यंत. खाली फरशी ओली झाली होती. माझाच घाम असावा.
नीला म्हणाली, "आई, मीठ हवेतलं पाणी ओढतं आन् झिरपून जातं. पुस्तकात हाय." हुशार आहे. हायस्कूलला गेलीच पाहिजे. पण ताकदीतलं तिला काय कळणार?

१७ जून
पोतं कमरेवर घेऊन न्हाणीपर्यंत जाऊन आले. दम लागला नाही. लिंबाजीला लागला होता.
आता फक्त बोलायचं ठरवायचं. "पंचहो" म्हणावं का "मायबाप"? यांना मायबाप कसं म्हणायचं?

१९ जून
रेस्ट.

२० जून, संध्याकाळी
कारहुणवी आणि वडाची पूजा एकाच दिवशी. म्हणजे पोटात काही नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

बैल गेले. तालमीतल्या बलभीमनं गोटा ओढून पाहिला, सोडला. मी पूजेचं ताट नीलाच्या हातात दिलं, पदर खोचला, पुढं झाले. कुणी अडवलं नाही. गोट्याला कुंकू लावायला आले असं वाटलं असावं. वाकले. गोट्याला धरायला कान नसतात.

हलला नाही. एका बाजूनंही नाही.

बलभीम म्हणाला, "वैनी, त्येला दिष्ट काढा, मंग उठंल." सगळे हसले. हे बैलांच्या मागची धूळ बघत होते. नीलानं ताट खाली ठेवलं आणि पलीकडून गोटा धरला. दोघींनीही हलला नाही. मग आम्ही घरी आलो.

२१ जून
सासूबाईंनी कोठीतलं पोतं एका हातानं उचलून अंगणात आणलं. "पावसाळ्यात मीठ कुणी पोत्यात ठेवतंय व्हय? रांजणात भर म्हणून कितींदा सांगितलं." नीला तिथंच होती. पुस्तकाचं नाव काढलं नाही तिनं. उरलेलं मीठ रांजणात भरायला लागली.

हात दुखत नाहीत. कुठंच काही दुखत नाही.

हे ओसरीवर सुपारी कातरतायत. हायस्कुलात नावं घालायची मुदत उद्या संपते. आता उठते आणि ओसरीवर जाते. नाही म्हणतील. मी काही उचललेलं नाही, त्यामुळं माझा शब्द राखायला ते बांधलेले नाहीत. सुपारीवरची नजरसुद्धा काढायचे नाहीत. तरी एवढंच म्हणायचं ठरवलंय:

अहो, नीलाला उमरग्याला धाडा.