राहिलेली मुलं

३ सप्टेंबर
आले एकदाची! नाशिक रोडहून निघताना आईने टोमणा मारलाच, की चालली रजा काढून लष्करच्या भाकऱ्या भाजायला. भाजते, माझी हौस! मागच्या महिन्यात दरड कोसळली त्या आठवड्यात आमचं वैद्यकीय पथक इथेच, सुरगाण्याच्या डोंगरात होतं. तेव्हा जखमा शिवल्या, आता त्याच पथकाबरोबर मुलांना अ जीवनसत्त्वाचा डोस द्यायचाय. आश्रमशाळेच्या एका वर्गात दवाखाना मांडला. इथली आशा कार्यकर्ती मोहिनी धावत आली आणि भेटल्या भेटल्या मी जाड झाल्याचं सांगून मोकळी झाली. तिची सहा वर्षांची चंद्रभागा, आमची चंद्रा, खालच्या पाड्यातल्या पोरांबरोबर मातीखाली गेली, ती अजून सापडली नाही. मोहिनी तिच्याबद्दल बोलताना ‘होती’ म्हणत नाही, ‘आहे’ म्हणते. तिला मिठी मारली, मग दोघी चहा प्यायलो.

४ सप्टेंबर
दिवस झकास गेला. डोस दिला की डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायची, म्हणजे तेच पोर पुन्हा रांगेत घुसत नाही. तरी दोघं नख घासून आलीच, लबाड! शेवटी नेहमीच्या सवयीने मी मोहिनीला म्हटलं, राहिलेल्यांना हाक मार. एकही मूल सुटता कामा नये, हे आमच्या अंगात मुरलेलं. तिची सासू तानुबाई एकदम आडवी आली. दिवस मावळताना नाव घेऊन हाक नाय मारायची, माती आयकते, म्हणाली. मला हसू आलं. मोहिनीने मात्र ओट्यावरून दरीकडे तोंड करून एकेकाला नावाने बोलावलं. सगळ्यात शेवटी चंद्राला. तेव्हा माझं हसू गेलं.

तानुबाईला घेऊन ती घरी गेली, आणि मागून खरंच काही मुलं आली. चिखलाने माखलेली, गप्प. वीज नव्हती, चेहरे नीट दिसले नाहीत. डोस पाजला, नखं पुसून शाई लावली. हात विहिरीच्या पाण्यासारखे गार. उद्या डॉक्टरांच्या कानावर घालते.

५ सप्टेंबर
खालच्या पाड्यापर्यंत रस्ता झाला, खोदायचं मशीन आलं. दुपारी चंद्रा सापडली. मोहिनीने हिरव्या बांगड्यांवरून ओळखली. मी तिचा हात पुसत होते. डाव्या करंगळीवर शाई. ओली. माझ्या बोटाला लागली.

मोहिनीनेही पाहिली. रडली नाही. “शाई कालची, म्हंजे कालवर जित्ती होती ताई. आपण उकरलं नाय,” एवढंच म्हणाली.

काय सांगू? की मीच लावली? मेलेल्या पोरीला? मी गप्प बसले. देवा, गप्प बसले मी.

६ सप्टेंबर
चंद्राला पुरलं. मोहिनी आली नाही. ती खाली हातांनी माती उकरते आहे, बाकीची पोरं जित्ती आहेत म्हणून. तिचा नवरा, देवरामभाऊ, ओढून आणतो, ती पुन्हा जाते. शेवटी खरं सांगितलं मी, की परवा संध्याकाळी चंद्रा आली होती, शाई मीच लावली. तिने नुसतं विचारलं, मग मला का नाय बोलावलं?

पाऊस वाढलाय. संध्याकाळी ती चिखलाची मुलं पुन्हा आली. मी दार लावून घेतलं.

७ सप्टेंबर
डोंगर पुन्हा घसरला. मोहिनी खालीच होती.

दिवस मावळताना देवरामभाऊ तिला हाका मारत सुटले. नावाने. मी त्यांना अडवायला धावले. तानुबाईने माझा हात धरला. मारू दे, म्हणाली.

८ सप्टेंबर
पथक परत गेलं. मी नाही गेले — कशी जाऊ?

उजेड कमी होतोय. रांग लागली आहे. मोहिनी सगळ्यांच्या मागे — चंद्रा कडेवर. स्वतःची करंगळी पुढे करते — मोठ्यांना नसतो गं डोस —

भीती वाटते. खूप. पण तिला परत कसं पाठवू —

देवरामभाऊ बाहेर ओट्यावर बसलेत. सांगू? मला का नाय बोलावलं, असं तेही विचारतील — आणि आत आले तर — मोहिनी मान हलवते. नको. रडते आहे ती —

चंद्रा दाराकडे बघते. तोंड उघडलं — बा —

बाहेरून देवरामभाऊ म्हणाले, आलो गं पोरी — दाराची कडी निघतेय —