चीक हा शब्द

आई, आज शेजारणीने वाटीभर खरवस आणून दिला. म्हैस व्यायली म्हणाली. वाटी तशीच पुढ्यात आहे. दात नाहीत असं तिला सांगितलं, पण खरवसाला दात कुठे लागतात.

तू कामशेतच्या आसपास बाळंतपणं करत हिंडायचीस. मी नुकता शाळेवर लागलो होतो आणि भातखाचरांच्या बांधावरून मोठ्याने कविता म्हणत जायचो. एके दिवशी तू चिडूनच घरी आलीस. बाळंतिणीच्या सासूने तुझ्यापुढे खरवस ठेवला होता, आणि सुनेचं पहिलं पिवळं दूध मात्र पिळून टाकायला लावलं होतं, बाळाला बाधतं म्हणून. "इचारलं मी तिला, म्हशीचा चीक वाटीत अन् बाईचा मोरीत, व्हय गं? नुस्ती हसली." मग चुलीपुढे बसून म्हणालीस, "मास्तर, येक गाणं जुळीव. माझं बोलणं मी दाराभायेर पडले की इसरत्यात. गाणं जात्यावर ऱ्हातं."

मी जुळवलं. 'अमृत येता उरी, बये, आधी बाळाला गं पाज.' भाकरी थापता थापता तू ऐकतेस, हात थांबतो.

"ह्यात चीक कुटं हाय?"

"अमृत म्हणजे चीकच की."

"बायांना कळंल?"

"न कळायला काय झालं?"

खरं तर चीक हा शब्द मला ओंगळ वाटला होता. मी तो लिहून खोडला होता. "तू शिकल्याला," म्हणालीस आणि भाकरी तव्यावर टाकलीस. गाणं गावोगाव गेलं.

पहिलं बाळंतपण म्हणून तुझी सून माहेरी सुदुंबऱ्याला गेली. तीन दिवस बाळाला मध आणि गुळाचं पाणी दिलं. आठव्या दिवशी आमचं बाळ गेलं. कशाने गेलं, कोण सांगणार, पण तू तिला विचारलंस, "माझ्या घरात ऱ्हाऊन येवढं कळलं न्हाई तुला?" ती खाली मान घालून उभी राहिली. पुढे कितीतरी वर्षं तू ते बोलत राहिलीस, ताट वाढताना, पाणी भरताना. रागाने नव्हे, थकून.

मला तिने एकदाच सांगितलं. "रोज गाणं म्हणत व्हते. पिवळं आलं त्ये आईनं पिळाया लावलं. मला वाटलं, मागनं पांढरं येईल त्येच अमृत."

मी म्हणालो, हे आईला सांगू नकोस. तिने नाही सांगितलं. तू गेलीस, मग तीही गेली, तो बोल तिच्याच माथी राहिला.

हा कागद कुठे धाडायचा नाही. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तर लिहायचा धीर झाला. समोर बसली असतीस तर आजही म्हणालो असतो, अमृत म्हणजे चीकच की.