रिंगखाली एक माणूस पुरतो

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. नियम दोन. एक, शुद्ध मराठीत लिहायचं. वऱ्हाडी बास्केटबॉल कोर्टावर ठीक, कागदावर नाही. शेवटी मी हायस्कूलचा सीनिअर क्लार्क आहे. दोन, खरं तेच लिहायचं.

संकल्प : भीमजयंतीच्या टुर्नामेंटपर्यंत वजन सहा किलो कमी. रोज लोणारच्या विवराच्या काठानं वॉक. आठवड्यातून दोनदा थेट खाली तळ्यापर्यंत उतरून परत वर चढायचं. आज उतरलो नाही. माकडं फार होती.

१७ फेब्रुवारी

वॉक नाही. गुडघा. तसा तो दुखत नाही, फक्त वाकत नाही.

१९ फेब्रुवारी. संध्याकाळी

आमच्या उल्का क्रीडा मंडळाची मीटिंग. राजकुमार कॅप्टन आहे, वय एकोणतीस, खत-बियाण्याचं दुकान. त्यानं विषय काढला, की आपल्या टीमले आता अजून एक बिग मॅन, रिंगखाली खेळणारा उंच गडी, पाहिजे. मेहकरवाल्यांनी यंदा सहा फूट तीनचे दोन गडी आणले. आपण रिंगखाली एकटे देवानंदकाका, म्हणजे मी, उभे करून किती दिवस चालवायचं?

मी शांतपणे समजावलं, की अनुभव धरला तर मी दोन माणसांइतका आहे. मागून टीममधला कडूबा म्हणाला, वजन धरलं तरी हाये. सगळे हसले. मीही हसलो. सेक्रेटरी, मॅनेजर आणि रिंगखालचा सेंटर अशी तीन पदं अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सांभाळायची, तर मन मोठं लागतं.

माझं मत इथं नोंदवून ठेवतो. रिंगखाली एक माणूस पुरतो. दोन झाले की एकमेकांच्या पायात पाय. टीमला गरज असते ती त्या माणसाला बरोबर पास देणाऱ्याची. मला तो पास तेवीस वर्षं नागसेननं दिला. माझ्याकडे बघायचाही नाही. मी हात वर केला की बॉल हातात.

असो. नागसेनचा विषय इथं नाही. विषय बिग मॅनचा आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

राजकुमारनं माणूस आणलाच. प्रेमानंद. मूळ देऊळघाटचा, वय चोवीस, दोन महिन्यांपूर्वी लोणारला लाइनमन म्हणून आला. सहा फूट चार इंच. गावात म्हणतात, त्याले पोलवर चढाले शिडी लागत नाही. अतिशयोक्ती आहे. मी स्वतः पाहिलं, लागते.

मला पाहिल्याबरोबर जय भीम सर म्हणाला, वाकून पाया पडायला लागला. मी मागे सरकलो. इतका वाकतो म्हणजे पाठीचा काही प्रॉब्लेम असणार.

खेळ बरा. उडी चांगली आहे, पण उडी म्हणजे बास्केटबॉल नव्हे.

२६ फेब्रुवारी

शाळेच्या मोजपट्टीवर उंची मोजली. कायमची सहा फूट एक इंच आणि वर पाऊण. आज भरली सहा फूट. पट्टीचा खिळा सैल झाला असावा. शिपायाला सांगून पट्टी काढून ठेवली.

२ मार्च, रविवार

मंजुश्रीचा जेवताना पुन्हा तोच विषय. माझी बायको तशी कमी बोलते, पण एक गोष्ट धरली की सोडत नाही. म्हणाली, महामायावहिनी अंगणवाडीत भेटल्या, विचारत होत्या की भाऊजी काऊन येत नाही घराकडं, आमच्याकडून काही चुकलं का?

मी म्हटलं, शाळेत ऑडिट आहे. ती म्हणाली, नऊ फेब्रुवारीले नागसेनभाऊंच्या स्मृतिदिनालेही तुमचं ऑडिटच होतं. मी म्हटलं, होतंच. ती म्हणाली, त्या दिवशी रविवार होता.

कामाच्या माणसाला वार बघून चालत नाही.

५ मार्च

ज्याअर्थी विषय निघालाच आहे, त्याअर्थी एकदा लिहून फाइल बंद करतो. नागसेन, माझा मित्र. पाचवीपासून. एसटीत कंडक्टर. गेल्या वर्षी ९ फेब्रुवारीला ड्युटीवरून घरी आला, महामायावहिनींना चहा टाकायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत गेला. गेल्या वर्षी मंडळानं टीम उतरवली नाही. यंदा उतरवतोय.

त्याची एकच वाईट सवय, मॅचला कधी वेळेवर नाही. गाडी लेट, म्हणून हा लेट. टुर्नामेंटला आधी माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात, माणूस धावत कोर्टावर येतो. नंबर सातला कोणीच धावायचं नाही. पुकारणारा मॅनेजरला विचारायचा, हजर का गैरहजर? मी हात वर करून सांगायचो, येऊन राह्यला. आणि यायचा. खाकी पँटवर जर्सी चढवत फाटकातून धावत यायचा, खिशातली चिल्लर वाजवत. एकदाही मला खोटं पाडलं नाही.

फाइल बंद.

९ मार्च, रविवार

प्रॅक्टिसला प्रेमानंदला गार्ड केलं. अनुभवापुढे उंची काय करणार ते त्याला दाखवायचं होतं. घसरलो. कोर्टावर वाळू होती. त्यानं मला एका हातानं उचलून उभं केलं, सर लागलं का म्हणून विचारलं. या वयात इतका नम्र माणूस मला संशयास्पद वाटतो.

कडूबानं कोर्ट झाडून पाहिलं. म्हणे वाळू कुठंच नाही. झाडल्यावर कशी असेल?

१० ते १८ मार्च

गुडघ्याला शेक. वॉक नाही. वजन दोन किलो वाढलं. मसल असावा.

२० मार्च. दुपारी, ऑफिसात

टुर्नामेंटचा फॉर्म आला. एकोणीस वर्षं मीच भरतो. बारा खेळाडूंची नावं. एक तारखेनंतर बदल नाही.

जुनी यादी समोर ठेवून उतरवायला घेतली. हात सवयीनं चालतो. चार, पाच, सहा... सातव्या ओळीवर नागसेनचं नाव लिहून झाल्यावर लक्षात आलं. फॉर्मखाली ठळक छापलं आहे, की खाडाखोड केलेला फॉर्म बाद होईल. सबब तसंच ठेवलं.

ड्रॉवरमध्ये दुसरा कोरा फॉर्म होता. पण तो स्पेअर आहे. उगाच स्पेअर वापरायचा नसतो.

बारा नावं पूर्ण झाली. प्रेमानंदसाठी जागा उरली नाही. मी नियमाबाहेर जाऊ शकत नाही.

२८ मार्च

राजकुमार शाळेत आला. त्याच्या हिशेबानं अकराच नावं होतात, बारावं कोणाचं? मी म्हटलं, यादी सीलबंद आहे. तो म्हणाला, काका, सीलबंद काय, आपल्या गावातली टुर्नामेंट हाये, मतदान थोडीच हाये. प्रेमानंद नाही तं मेहकर आपल्याले चेंदून टाकन. मी म्हटलं, कार्यवाही पूर्ण झालेली आहे.

जाताना म्हणाला, काका, तुमची जागा जाऊन राह्यली म्हणून तुम्ही असं करता का? त्याचा गैरसमज आहे. मला जागेचा मोह नाही. त्याला खरं कारण सांगितलं असतं.

खरं कारण म्हणजे खाडाखोड.

१ एप्रिल

मुदत संपली. स्वतः जाऊन फॉर्म दिला. निकाल लागल्यासारखं हलकं वाटलं. कपाटातून सात नंबरची जर्सी काढली, धुवून, इस्त्री करून पुन्हा ठेवली. मंजुश्री दारातून बघत होती. मी आपणहून सांगितलं, की कसर लागते, वर्षातून एकदा धुवावी लागते.

१० एप्रिल

बातमी आली, की उत्कृष्ट खेळाडूची ट्रॉफी यंदा नागसेनच्या नावानं आहे आणि द्यायला महामायावहिनी येणार आहेत. पहिल्या मॅचपासून स्टेजवर बसणार.

यादीचं काही होणार नाही. नावं भराभर पुकारतात. कोण ऐकतं?

१३ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६

मेहकर ६१, आम्ही २८.

आधी ते लिहून टाकलं, कारण दुसरं लिहायचं आहे.

बाबासाहेबांना हार, वंदना, सगळं व्यवस्थित झालं. माइकवर बाहेरगावचा माणूस. त्याला आमच्यातलं कोणी माहीत नाही. आमची यादी घेतली. एक, दोन, तीन. गडी धावत जाऊन उभे राहत होते. पाच नंबर मी. टाळ्या बऱ्या पडल्या. सहा कडूबा.

मग तो म्हणाला, नंबर सात, नागसेन.

कोणीच धावलं नाही. राजकुमार माझ्याकडे बघायला लागला. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा, आडनावासकट, बापाच्या नावासकट. मी पूर्ण नाव लिहिलं होतं ना फॉर्मवर. स्टेजवर महामायावहिनी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

पुकारणाऱ्यानं विचारलं, मॅनेजर कोण? मी हात वर केला. त्यानं मधल्या वर्तुळापर्यंत येऊन माइक माझ्यापुढे धरला. खेळाडू हजर का गैरहजर?

गैरहजर हा शब्द मी रोज लिहितो. मस्टरवर रोज. सव्वीस वर्षं झाली. एक शब्द म्हणायचा होता.

मी म्हटलं, येऊन राह्यला.

माइक चालू होता. गावभर ऐकू गेलं. आणि मी, देवानंद, वय अठ्ठेचाळीस, सीनिअर क्लार्क, चारशे लोकांसमोर फाटकाकडे पाहत उभा राहिलो. पाहतच राहिलो.

वहिनी स्टेजवरून उतरून आल्या. मला वाटलं चारचौघांत रागावतील. रागावल्या असत्या तर चाललं असतं. जवळ येऊन हळूच म्हणाल्या, भाऊजी, मले वर्षभर राग होता तुमचा. वाटलं तुम्ही विसरून गेले त्यायले. आणि तुम्ही तं अजून त्यायले खेळवूनच राह्यले.

मग पुकारणाऱ्याकडे वळून स्वच्छ आवाजात सांगितलं, गैरहजर लिहा, भाऊ.

त्यानं लिहिलं.

मॅच मी सहा मिनिटं खेळलो. एकदा रिंगखाली मोकळा झालो, हात वर केला. बॉल आला नाही. नंतर गुडघा गेला. मेहकरच्या दोघांनी रिबाउंड गोळा केले, आमच्यातलं कोणी त्यांच्या खांद्यालाही पुरत नव्हतं. प्रेमानंद जाळीबाहेर उभा राहून शेवटपर्यंत आमच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

१४ एप्रिल

सकाळी मिरवणुकीत गेलो नाही. नागसेनच्या घरी गेलो. चौदा महिने आणि पाच दिवसांनी. जर्सी नेली होती.

वहिनीनं चहा टाकला. मी म्हटलं, चहा नको. त्या म्हणाल्या, घ्या भाऊजी, मी बी सहा महिने चहा करत नव्हती. मग करा लागते.

जर्सी त्यांनी मांडीवर घेतली, परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, कपाटात ठेवून काय करू? त्या लाइनमनले होईन का? मी सांगितलं, आखूड होईन. त्या हसल्या. म्हणाल्या, होऊ द्या.

लिहिताना पाहून राह्यलो, मघापासून भाषा शुद्ध राहिली नाही. राहू दे. मले नाग्याची लय आठवण येते. एवढंच खरं होतं, बाकी सगळं खाडाखोड.

२० एप्रिल, रविवार

मीटिंग. सेंटर पद सोडलं. कोणी थांबवलं नाही. एकदा तरी नाही काका म्हणतील असं वाटलं होतं. राजकुमारनं फक्त विचारलं, काका, पण फॉर्म तुम्हीच भरसान ना?

ठराव : टीमला बिग मॅन पाहिजे. सूचक, मी. अनुमोदक, सगळेच.

अकोल्याच्या टुर्नामेंटचा फॉर्म भरला. फॉर्म सगळीकडे एकच चालतो, म्हणून स्पेअर वापरला. नंबर सात, प्रेमानंद. हात सवयीनं दुसरंच लिहायला गेला, म्हणून आधी पेन्सिलनं लिहून घेतलं.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी

वॉक नाही. त्याचा संकल्प आता रद्द.

सहाला प्रॅक्टिस. मी बेंचवर, रजिस्टर घेऊन. सगळे आले, एक सोडून. बसस्टँडकडची लाइन गेली होती, तिकडे अडकला असणार. राजकुमारनं ओरडून विचारलं, सात नंबर कुठं हाये?

मी म्हटलं, येऊन राह्यला.

पेन हातात तसंच राहिलं. पाच मिनिटं गेली असतील. फाटक वाजलं. कोणीतरी कामाच्याच पँटवर जर्सी चढवत धावत येत होतं.

मी उठून उभा राह्यलो.

प्रेमानंद होता.

हजर लिहिलं.