वर न चढता केलेली सही

प्रिय दादा,

फोन सोडून हिने पत्र का लिहिलं, असंच वाटलं ना? घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू ‘असू दे गं’ म्हणतोस आणि विषय बदलतोस, म्हणून हा कागद. साडेचार वाजलेत. सहा वाजता माझा अहवाल मुख्यालयाला जायचा आहे आणि तो गेला की ही सरकारी नोकरी राहते की जाते, देव जाणे. त्याआधी तुला लिहायचंय. मध्येच थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

आधी खुशाली. खोली बरी आहे, पण खिडकी उघडली की समोर भिंतच. नळ आल्या दिवसापासून गळतोय आणि वॉशर कुठे मिळतो ते मला अजून कळलेलं नाही. तुझं हार्डवेअरचं दुकान जवळ असतं तर! ऑफिस म्हणजे एक पत्र्याचा डबा. आपलं सरकार इथे या परक्या देशात जे छोटं हॉस्पिटल बांधून देतंय, त्याची सगळी देखरेख आता माझ्याकडे. आधीच्या साहेबांनी अर्ध्या दिवसात एकतीस फायली आणि एक मोडकी छत्री माझ्या ताब्यात दिली आणि विमान गाठलं. फोरमनला मी मनातल्या मनात ‘सबुरी’ म्हणते, कारण त्याच्याकडे नेमकी तेवढीच नाही.

आता बुटांची गंमत ऐक. इथे सुरक्षेचे बूट नसतील तर पहारेकरी कुणालाच शिडी चढू देत नाही. माझ्या मापाचे बूट भांडारात नव्हते. मागणीअर्ज तीन प्रतींत, आणि पायाचं माप वरिष्ठांकडून साक्षांकित. माझ्याच पायाचं माप, आणि ते साक्षांकित! मी खूप हसले होते. आता हसू येत नाही.

रुजू होऊन तिसरा दिवस. हॉस्पिटलच्या दारावर पुढे येणारा मोठा छज्जा भरायचा होता. काँक्रीटच्या चार गाड्या फाटकाबाहेर घुरघुरत उभ्या. मी शिडीपाशी गेले तर पहारेकऱ्याने माझ्या चपलांकडे बघून मान हलवली. सबुरीने फोनवर फोटो दाखवले. सगळ्या सळया वरच्या अंगाला, खालून टेकू दिलेल्या, कशा अगदी रांगेत. छज्ज्याला वरची सळईच भिंतीशी धरून ठेवते, ती खाली दबली तर तो कशाच्याच जिवावर उभा राहत नाही, हे मी तुला काय सांगू? पण फोटो सकाळचे होते. मधल्या वेळात आठ माणसं जाड पाइप ओढत त्याच सळयांवरून फिरली होती. कुणाचे तरी मोठे बूट पायात अडकवून मला वर जाता आलं असतं. गाड्या थांबवता आल्या असत्या. पण नवी बाई पहिल्याच आठवड्यात काम अडवते म्हणून हसतील, याची मला लाज वाटली. मी खालीच उभी राहून सही केली.

तेव्हापासून रोज त्या छज्ज्याखालून जाताना माझी मान आपोआप वर व्हायची. आज सकाळी बूट आले. खोक्यातून काढून घातले आणि सळई शोधायचं यंत्र घेऊन तडक वर गेले. भिंतीलगत नऊ ठिकाणी बघितलं. सळई वरून चार सेंटिमीटरवर लागायला हवी. सहा ठिकाणी ती अकरावर लागली. पुन्हा बघितलं, पुन्हा अकरा. खालचे आधार काढायची वेळ दुपारी तीनची ठरली होती आणि आत्ताशी साडेबारा होत होते, म्हणून मी आकडे शांतपणे लिहून घेत होते. तेवढ्यात माझ्या पायाखालून हातोड्याचे ठोके ऐकू आले. सबुरीने तीनची वाट बघितली नव्हती.

शिडीवरून कशी उतरले ते आठवत नाही. कडेची एक रांग काढून झाली होती आणि दोन सुतार दुसऱ्या रांगेला हात घालत होते. इथली भाषा, इंग्रजी, सगळं डोक्यातून पार उडालं. मी मराठीतच किंचाळले, “अरे पळा रे, बाहेर व्हा!” काय समजलं कुणास ठाऊक, पण पळाले बिचारे. दुसरी रांग जागेवर होती म्हणून निभावलं. नंतर वर जाऊन बघितलं तर भिंतीलगत या टोकापासून त्या टोकापर्यंत केसाएवढी भेग गेली होती. सकाळी ती नव्हती. 

मोठ्या साहेबांचा फोन आला. म्हणाले, खाली दोन खांब द्या, उद्घाटनाची तारीख जाहीर झाली आहे, आणि सहीचं कशाला लिहिता, फोरमनची चूक म्हणा. मी छज्जा पाडायचा लेखी हुकूम दिला. अहवालात लिहिलं, ‘सळई वर चढून न पाहता मी परवानगी दिली.’

हे वाक्य लिहिलं आणि पेन तिथेच अडलं. कारण मी ते आधी वाचलं होतं, तुझ्या चौकशीच्या कागदात. चार वर्षांपूर्वी तुझ्या देखरेखीखालची गॅलरी खाली आली, एका सुताराचा पाय गेला, तुझी नोकरी गेली, आणि मी पुढच्या खोलीत आईसमोर, वहिनीसमोर तुला विचारलं, वर चढून बघायला तुझं काय जात होतं? तू चपला घातल्यास आणि निघून गेलास. दोन वर्षांनी तू तेच कागद झेरॉक्सला माझ्याकडे दिलेस, तेव्हा गॅलरी भरल्याची तारीख दिसली. माझ्या परीक्षेचा दिवस. सकाळी माझी बस चुकली होती आणि मी तुला फोनवर फोन करून भुणभुण लावली होती. तू खालूनच सही केलीस, स्कूटर काढलीस आणि मला चार मिनिटं आधी परीक्षाकेंद्राच्या फाटकाशी सोडलंस. त्या परीक्षेतून ही नोकरी मिळाली. मला हे दोन वर्षं माहीत होतं, दादा, आणि मी गप्प बसले. बोलले असते तर या नोकरीचं कौतुक माझ्या एकटीचं राहिलं नसतं. आज माझी दोन माणसं वाचली, कारण मी वर होते. तुझ्या वेळी वर कुणी नव्हतं, कारण तुला मी बोलावून घेतलं होतं.

बोलले सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोरच मागायची आहे. पण तू हे पत्र घडी घालून खिशात टाकशील आणि कुणाला काही सांगणार नाहीस, मी तुला ओळखते. म्हणून पाकिटावर नाव वहिनीचं घातलंय आणि आत चिठ्ठी ठेवलीय, सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचा म्हणून. वहिनी, आईलाही जवळ बसवलंत ना? इथपर्यंत मोठ्याने वाचलंत ना? आता तो चपला शोधत असेल. त्याला जाऊ देऊ नका.

तुझीच,
भुणभुण