हवेशीर कोर्ट

प्रिय आमोद,

'प्रिय' लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, हुरळून जाऊ नकोस. पेपरातला तुझा फोटो पाहिला. पर्यावरणपूरक वास्तुकलेचा पुरस्कार, अंगात खादीचा कुर्ता, हातात रोपटं, आणि मागे आमचा वारज्याचा बॅडमिंटन हॉल. रिकामा! खेळायच्या जागेचा फोटो आणि त्यात खेळणारं एक माणूस नाही, हे अगदी तुझ्या स्वभावाला धरून झालं. पोरं आली की तुझ्या भिंतींची शोभा जाते ना.

उद्घाटनाला काय तारे तोडले होतेस, आठवतंय? ही इमारत श्वास घेते म्हणे. मातीच्या भिंती, विटांची जाळी, पश्चिमेचा वारा इकडून आत आणि तिकडून बाहेर, एसी नको की पंखा नको. वर हा खेळ मूळचा पुण्याचा आणि उघड्यावरच खेळला जायचा, हेही ऐकवलंस. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी कपाळाला हात लावला. अरे, पिसांचं शटल ते! ते उडू नये म्हणून आपण दोघं भर मे महिन्यात दारंखिडक्या लावून घामाच्या धारांत खेळायचो. दुसऱ्या कुणी असल्या चाळणीसारख्या भिंती बांधल्या असत्या, तर बिचाऱ्याला खेळातलं कळत नाही म्हणून सोडून दिलं असतं. पण सहा वर्षं माझ्याबरोबर मिक्स्ड डबल्स खेळलेल्या माणसाने? धन्य आहे तुझी.

तुला काय, फीत कापून तू गेलास. तिथे रोज शिकवायचं मला होतं. संध्याकाळी टेकडीवरून वारा सुटला की माझ्या शिकवण्याचे तीनतेरा. मी पोरांकडून पावलांची ठरलेली चाल घोटून घ्यायची, आणि ती बरोबर जागी पोचेपर्यंत शटल भलतीकडेच गेलेलं. संस्थेच्या प्रत्येक सभेत उभं राहून मी तुझ्या नावाने बोटं मोडली. जाळी बुजवा, काचा लावा, एसी बसवा, नाहीतर इथे मंगल कार्यालय तरी काढा म्हटलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

आता राजनंदिनीचं ऐक. वडील वाशीमकडचे, इथे कंपनीत कामाला. पोरगी हट्टी आणि महाचिडकी, म्हणजे शिकवायला उत्तम. बंद हॉल तिने कधी पाहिलेलाच नव्हता. शटल असंच वेडंवाकडं येतं, अशी तिची प्रामाणिक समजूत. त्यामुळे ती आधीच पळत जाऊन वाट बघत उभी राहत नाही. शेवटपर्यंत शटलवर नजर, बारीक बारीक पावलं, आणि अगदी ऐन वेळी मनगट वळवते. मी तिला ही खोड सोडवायला जंग जंग पछाडलं, सुटली नाही. मग गेल्या महिन्यात राज्य स्पर्धा झाली. भलंमोठं स्टेडियम, वरून एसीचे झोत, शटल सारखं एका बाजूला ओढलं जातंय. मोठमोठ्या अकादमींच्या पोरी हैराण, त्यांचे कोच पंचांशी हुज्जत घालतायत, आणि आमची बया चक्क हसतेय. जिंकून आली! मी तिथेच भर स्टेडियममध्ये रडले, कुणाला सांगू नकोस.

आणि हे सगळं तुला आधीच ठाऊक होतं असं जर कुठल्या भाषणात सांगितलंस, तर रॅकेट फेकून मारीन. तू वीज वाचवायला निघाला होतास, खेळाडू घडवायला नाही. तिला वाऱ्याने शिकवलं. तू फक्त त्याला आत सोडलंस, तेही न कळत.

तर आता करंडक आल्याबरोबर नवे अध्यक्ष हिंमतराव यांना 'इंटरनॅशनल' व्हायचंय. जाळी बुजवून काचा, एसी, आणि फी अशी की वाशीमकडची पोरगी दारातूनच परत जावी. मी सभेत विरोध केला, तर गोड हसून म्हणाले की मॅडम, ही तर तुमचीच मागणी होती. सगळे हसले. मग त्यांनी सांगितलं की आर्किटेक्टसाहेबांनाही विचारलंय, त्यांची काही हरकत नाही. आमोद, तुझी हरकत नाही? पुरस्काराचं रोपटं अजून कुंडीत रुजलं नसेल, आणि श्वास घेणाऱ्या इमारतीचं नाक दाबायला तू मान डोलावलीस? वाईट बांधकाम मी तुला माफ केलं असतं रे. हे नाही करत.

मी चुकले होते असं या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, शोधू नकोस. पत्र लिहिलं ते एवढ्यासाठी, की रविवारी सकाळी पुन्हा सभा आहे, आणि तुझी संमती दाखवूनच ते ठराव करून घेणार आहेत. तू ये, सगळ्यांसमोर ती मागे घे. आपल्या शेवटच्या फायनलला शटल दोघांच्या मधोमध आलं होतं, आणि 'तुझं!' असं ओरडून तू बाजूला झालास. पुढे माझ्या आईने तुला लग्नाचं सरळ विचारलं, तेव्हाही 'हेमा म्हणेल तसं' म्हणालास आणि बाजूलाच झालास. मी काय म्हणणार होते ते तुला माहीत होतं. दोन्ही वेळा शटल जमिनीवर पडलं. राजनंदिनीला यातलं काही ठाऊक नाही, ती उद्याही संध्याकाळी वाऱ्यात खेळायला येईल. या वेळी शटल माझ्या डोक्यावरून मागे गेलंय, आमोद. माझी रॅकेट तिथवर पोचत नाही. तुझं!

नेटपाशी उभी,
तुझीच
हेमा