पुढं ती काय बोलली?

दादा, परवा माझ्या दुकानात विषय निघाला, की टीव्हीवरची राजकारणाची चर्चा हल्ली शेवटपर्यंत कोण बघतं? टोमॅटोचं औषध न्यायला आलेले सगळेच हसले. एकजण म्हणाला, "ताई, आख्खी कोण बघतंय? भांडणाचा तुकडा येतोच की मोबाईलवर." मीही हसले. मग तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली.

तुम्ही कुठल्याच पक्षाचे नव्हता, पण सभा कुणाचीही असो, मेंढरं कोंडून, घोंगडं खांद्यावर टाकून निघायचात. मी सातवीत असताना नारायणगावच्या सभेला मलाही, तुमच्या लेकीला, नेलंत. आपल्या गावाला न पटणारा उमेदवार बोलायला उभा राहिला, तशा पुढच्या बाया उठून निघाल्या आणि मीही मैत्रिणींबरोबर खिदळत उठले. परतताना एसटीत विचारलंत, "त्यो काय म्हणाला?"

"मी नाही ऐकलं."

"मंग हसलीस कशाला?"

मी हातातलं तिकीट चुरगाळत राहिले. मग तुम्हीच म्हणालात, "ज्याचं पटत न्हाई त्याचं तर पुरतं ऐकावं. न्हाईतर भांडायचं कशाशी?" मी गाव येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडले. चार लोकांत बोलला नव्हता, तरी मला तो अपमानच वाटला होता.

तो राग कधी गेला ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. बारावीनंतर स्थळ आलं, तो दिवस. आई चुलीपाशी भाकरी थापतेय, तुम्ही जेवायला बसलाय, आणि मी उभ्यानंच म्हणते, मला शेतीच्या पदविकेला जायचंय. चुलते दारातून ओरडले, "पोरीला काय करायचंय शिकून?" तुम्ही नुसता हात वर केलात. "तिचं होऊ द्या." मग मी बोलत राहिले. तेच तेच बोलले, मध्ये रडले, पुन्हा बोलले. तुमच्या ताटातली भाकरी गार झाली. मी थांबल्यावर तुम्ही विचारलंत, "आजून काय राह्यलंय?" मी काही नाही म्हणून मान हलवली. "बरं. पावण्यांना मी कळवतो." एवढंच. त्या पदविकेवर आज माझं बी-बियाण्यांचं दुकान उभं आहे. पण दादा, मला दुकानापेक्षा ती गार भाकरी जास्त आठवते. तसं माझं बोलणं पुन्हा कुणी ऐकून घेतलं नाही.

आणि मीच यंदा तुम्हाला विसरले. माझ्या सासरी सरपंचपदाची निवडणूक लागली. उमेदवार दोघी, एक माझी थोरली जाऊ, दुसरी वरच्या आळीतली एक बाई. तरुण मंडळानं दोघींना देवळापुढं समोरासमोर बसवलं. जाऊबाईंचं बोलून झालं, टाळ्या झाल्या, आणि मी घरी निघून आले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर छोटासा तुकडा आला. त्यात ती वरच्या आळीतली बाई म्हणते, "गायरानात मेंढरं नकोत." आपण मेंढरांवर वाढलेली माणसं, माझं डोकंच फिरलं. मी तो तुकडा सगळीकडं पुढं धाडला.

संध्याकाळी मेंढपाळांच्या वाडीवरचे एक म्हातारे दुकानात आले. अजून पन्नासेक मेंढरं राखतात. "ताई, तू व्हतीस ना सभेला? पुढं ती काय बोलली?"

मला एसटीतला तुमचा प्रश्न आठवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मंडळानं टाकलेलं पुरं चित्रण बघितलं. पावणेदोन तास. ती बाई म्हणत होती, "गायरानात मेंढरं नकोत, असं काही जण मला सांगतात. मी त्यांना म्हणते, मग त्या माणसांनी जायचं कुठं? गायरान त्यांचंपण हाय." पुढचं सगळं कुणीतरी उडवलं होतं.

मी आधी जाऊबाईंकडं गेले आणि वाडीवर जाऊन खरं सांगते म्हणाले. दीर चिडले, "आपल्याच घरात बसून आपलंच पाडतीस व्हय?" जाऊबाई भांडी घासत होत्या. त्यांनी हात धुतले, माझ्या मोबाईलवर तेवढा भाग उभ्यानं बघितला आणि म्हणाल्या, "जा, सांग वाडीवर. खोट्यावर निवडून येऊन मी खुर्चीत बसू कशी?" मग आम्ही दोघी मिळून वाडीवर गेलो. मी सगळ्यांसमोर सांगितलं, मी मध्येच उठून आले होते, न ऐकता तुकडा धाडला, माझं चुकलं. म्हातारे म्हणाले, "बस पोरी. च्या घे." येताना वरच्या आळीत त्या बाईंच्या घरीही गेलो. त्यांनी दारात उभं राहून ऐकलं, मग आत बोलावलं.

जाऊबाई थोड्या मतांनी निवडून आल्या. आता गायरानाच्या कामात त्या बाईंना बोलावतात. घरात सगळे माझ्याशी नीट बोलतात, दीरसुद्धा.

दादा, हे कागद कुठं धाडणार? कपाटात साड्यांखाली ठेवीन. तिथं कुणी हात लावत नाही, म्हणून लिहिते. त्या दुपारी मी सगळं ऐकलं, त्या बाईंचं मला पटलं, आणि मत मी त्यांनाच दिलं. जाऊबाईंना अजून सांगितलेलं नाही.