जावाचा ताप

३ मार्च २०१९, रविवार, सकाळी ७
रिटायर होऊन दोन महिने झाले. पाटबंधारे खात्याने माझी बुद्धी फाइलींत सडवली. आता बस. महिनाभरात कुठलाही क्रिस खंजीर नुसता बघून सांगणार तो कुठला: बुगिस, जावा, मिनांग की पातानी. ३० तारखेला आमच्या मुआर गावच्या हॉलमध्ये प्रदर्शन आहे. तिथे आबांचा क्रिस लागणार, खाली लेबल: 'बुगिस. दोनशे वर्षं जुना. नावी बिन दाउद यांच्या घराण्याचा.' आबांना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्यासाठी मी काहीच केलेलं नाही, हे सलतं.

कलथोम म्हणाली, अबांग, आधी मिठाचा आणि साखरेचा डबा ओळखायला शिका. सगळ्या बायका नवऱ्याला अबांगच म्हणतात, पण हिच्या तोंडी ती शिवी वाटते.

५ मार्च
पुरावा सापडला. आबा गेले तेव्हा उशाशी मी एकटा होतो. शेवटचे शब्द: 'जावा... देमाम.' देमाम म्हणजे ताप. आणि 'जावा देमाम' हे तर आमच्याकडच्या बुगिस मुठीचं नाव! अंग चोरून कुडकुडत बसलेल्या माणसासारखी मूठ. आबांच्या क्रिसची मूठ मात्र साधी, सरळ. म्हणजे ती कुणीतरी बदलली, आणि आबा जाता जाता ते मला सांगून गेले. थोरल्या बहिणीला, रोकियाला नाही, मला.

संशय मागच्या गल्लीतल्या कार्तो शिंप्याचा. आबांच्या कॉफीचा सोबती, सारखा तो क्रिस हातात घेऊन बसायचा. आबा गेल्यावर तिसऱ्या दिवशीच्या जेवणालाही आला नाही. मन खात असणार. पुढे तोही गेला म्हणे.

८ मार्च
तोक लेहला दाखवला. जन्मभर मुठी कोरणारा माणूस. पातं उन्हात धरून म्हणाला, म्यान मुआरचं, पण अंग जावाचं. बारीक कंबर बघ. मूठही जावाचीच, हात लावू नकोस.
म्हाताऱ्याला मोतीबिंदू झालाय.

९ मार्च
पात्याची वळणं मोजली. आठ. वळणं नेहमी विषम असतात. पुन्हा मोजली. आठ. म्हणजे लोहार चुकला. यावर लेख लिहिणार.

१० मार्च
नऊ. लेख रद्द.

१५ मार्च
आबांची इच्छा पूर्ण केली. तोक लेहने नवी मूठ बसवायला नकार दिला, म्हणून दुकानातून तयार कुडकुडणारी आणली आणि घरीच बसवली. जुनी निघता निघेना. मेणबत्तीवर गरम केली, पिळली, तर उभी चिरली. लाकूडच हलकं. कलथोमने अर्धा तुकडा स्वयंपाकघराच्या खिडकीला टेकू म्हणून लावला. नवी मूठ किंचित डुलते. जिवंत वाटते.

२३ मार्च
शेजारी लग्न. नवरदेवाच्या कमरेचा क्रिस बघून चारचौघांत सांगितलं, पातानी, राजघराण्यातला. नवरदेव हळूच म्हणाला, पाचिक काका, कपड्यांसोबत भाड्याने मिळालाय, पातं नाहीये आत.
मुठीवरून मी बरोबरच होतो.

३० मार्च, संध्याकाळ
लेबल लागलं. रोकिया क्लुआंगहून खास आली. काचेला नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, नावी, याची मूठ कुठे गेली? मी थिअरी सांगितली. आबांचे शेवटचे शब्दही सांगितले, पहिल्यांदाच.

रोकिया म्हणाली, अरे गाढवा, हा क्रिस कार्तोचा. एकटा जीव, खोलीला कडी नाही, म्हणून आबांकडे ठेवलेला. आणि आबा त्याला उभ्या जन्मात कार्तो म्हणाले का कधी? तो जावा बेटावरचा, म्हणून 'जावा' म्हणायचे. आबा गेले त्या आठवड्यात तो तापाने फणफणला होता. आबा स्वतः अंथरुणावर, तरी माझ्या हातून रोज त्याला पेज पाठवायचे. मग मला क्लुआंगला परत जावं लागलं. पुढची पेज तू न्यायची होतीस.

मी म्हणालो, तो जेवायला आला नव्हता. ती म्हणाली, कसा येईल? आबांच्या दुसऱ्याच दिवशी गेला तो. दार उघडलं चौथ्या दिवशी.

लेबल काढायला गेलो तर क्रिसला धक्का लागला आणि मूठ गळून पडली. आवाज सगळ्या हॉलने ऐकला.

३१ मार्च, सकाळी ९
खिडकीचा तुकडा काढला. दुसरा अर्धा कलथोमने कधीच चुलीत घातलाय. आज ती अबांगसुद्धा म्हणाली नाही.

अर्धी मूठ आणि पेजेचा डबा घेऊन कबरस्तानात गेलो. आबांच्या मागच्या रांगेत कुठेतरी तो आहे, एवढं रोकियाला आठवतं. नाव लावायला त्याचं कुणी नव्हतं. कबरीवरचा गोल दगड म्हणजे पुरुष, हे मला येतं. रांगेत बिननावाचे गोल दगड सात.

दुपारपर्यंत बघत बसलो. ओळखता आला नाही.